‘शाळा जबाबदार राहणार नाही’

शाळेकडून घरी येणाऱ्या संमतीपत्रांवर एक ओळ हमखास सापडते. मजकूर दातांच्या तपासणीचा असो, लशीचा असो नाहीतर सहलीचा. शेवटी छापलेलं असतं, ‘होणाऱ्या परिणामांस शाळा जबाबदार राहणार नाही.’ माझं म्हणणं सरळ आहे. ज्या पत्राच्या शेवटी ही ओळ आहे त्याला संमतीपत्र म्हणू नका. तो शाळेने स्वतःच्या बचावासाठी लिहून घेतलेला कागद आहे. त्यात आईबापांना काही विचारलेलं नसतं, काही सांगितलेलंही नसतं.

हा कागद कामतघरात कसा पोचतो ते बघा. वऱ्हाळदेवी तलावाच्या काठचा हा भिवंडीचा भाग. मूळचे गावकरी, तेलंगणातून मागावर आलेली पद्मशाली कुटुंबं, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार, सगळे एकमेकांना खेटून राहतात. बाप यंत्रमागावर, पाळी बारा तासांची. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन झोपतो, दिवसपाळीचा अंधार पडल्यावर घरी येतो. आई घरात बसून धागे कापते, कांड्या भरायला जाते किंवा चार घरची धुणीभांडी करते. पत्र संध्याकाळी दप्तरातून बाहेर पडतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सही होऊन परत हवं असतं. बरेचदा ते असतं मराठीत, तेही कचेरीच्या मराठीत. भिवंडी-निजामपूर महापालिका मराठीबरोबर उर्दू, हिंदी, तेलुगू, गुजराती माध्यमांच्या शाळा चालवते. कुणाच्या घरात कोणती भाषा बोलतात हे पालिकेला पक्कं ठाऊक आहे. तरी पत्राची वेळ आली की ते आठवत नाही.

मग पत्र वाचतं कोण? पोरगंच. ज्याच्या दंडात सुई जायची आहे तोच आईला सांगतो की कागदात काय लिहिलंय. सुईची भीती वाटली तर सांगतो, ‘नको म्हणून लिहायचंय.’ बाई रागावतील ही भीती मोठी असेल तर सांगतो, ‘इथे अंगठा दे, सगळ्यांनी दिलाय.’ आणि काहीच जमलं नाही तर शाळेच्या वाटेवर बापाची सही स्वतःच ठोकतो. ती सही कुणाची हे बाईंना अक्षर बघूनच कळतं. पण त्यांना वर्गाचा गठ्ठा दुपारपर्यंत कार्यालयात द्यायचा असतो. त्या गप्प बसतात. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे गठ्ठा मागणाऱ्यांना देतो. किती सह्या आल्या एवढंच ते मोजतात, किती घरांना कळलं हे कधीच मोजत नाहीत.

याचं फळ आपण एकदा भोगलं आहे. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या तीन कोटींहून अधिक मुलांना डोस द्यायचा होता आणि सुरुवात शाळांपासून होती. लस पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची. गोव्यात आणि कर्नाटकात तीच मोहीम २०१७ मध्ये होऊन गेलेली. मी या लशीच्या बाजूचा आहे, ठामपणे. गोवर फुप्फुसांपर्यंत आणि कधी मेंदूपर्यंत जातो. गर्भारपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकतं. इतकी चांगली गोष्ट आईबापांपुढे नीट मांडायला एक महिना आणि थोडी माणसं लागली असती. घरात पोचल्या त्या मात्र व्हॉट्सॲपवरच्या अफवा, लशीने मुलं वांझ होतात अशा. मुंबईतल्या काही उर्दू शाळांमधून नकार आले, तसे मोठ्या फीच्या शाळांमधूनही आले. तिथले पालक म्हणाले, आम्ही आमच्या डॉक्टरांकडे देऊ. दोन्ही नकारच होते. पण एकाला अडाणी म्हटलं गेलं आणि दुसऱ्याला जागरूक.

दिल्लीत ही मोहीम १६ जानेवारी २०१९ ला सुरू व्हायची होती. काही पालक उच्च न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा लशीविरुद्ध नव्हता, न विचारता टोचण्याविरुद्ध होता. तिथे सरकारने जो युक्तिवाद केला तो प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावा असा आहे. मोहिमेच्या जाहिरातीत लशीचे दुष्परिणाम लिहिले तर पालक घाबरतील आणि संमती देणार नाहीत, म्हणून ते लिहू नयेत, असं सरकार म्हणालं. न्यायालयाने २२ जानेवारीच्या आदेशात हे फेटाळलं. जाहिरात द्यायची ती पालकांना माहिती मिळावी आणि त्यांनी विचार करून ठरवावं यासाठीच, मग माहितीच लपवून कसं चालेल? पुढे आणखी एक गोष्ट त्या आदेशात आहे. मुलाने पत्र परत आणलं नाही तर वर्गशिक्षकाने पालकांना फोन करावा आणि त्यांचा निर्णय विचारून घ्यावा.

ही फोनची गोष्ट मला कामतघरासाठी फार मोलाची वाटते. इथे घराघरात वाचणारा माणूस नसेल, फोन आहे. मागावर आवाजात बोलता येत नाही, पण पाळी सुटल्यावर येतं. तेलुगू बोलणाऱ्या घरी तेलुगू शाळेतल्या बाईंनी फोन करावा, उर्दू घरी उर्दू शाळेतल्या सरांनी. पालिका एकच आहे, शिक्षकही तिचेच आहेत. तीन मिनिटांच्या त्या बोलण्यात लस कशाची, कुठे टोचणार, ताप येऊ शकतो, आला तर काय करायचं, आधी कुठली ॲलर्जी होती का, मूल सध्या आजारी आहे का, इतकं सगळं होतं. छापील पत्रात यातलं निम्मंही नसतं. आणि शेवटचं विचारणं डॉक्टरच्या कामाचं आहे. आईला ठाऊक असतं की मागच्या वर्षी पोराला फिट आली होती, शाळेच्या रजिस्टरला ठाऊक नसतं. आईबापांना विचारायचं ते मान राखायला म्हणून नाही, मूल सुरक्षित राहावं म्हणून. संमतीचा हा उपयोग आपण विसरूनच गेलो आहोत.

२०२२ च्या अखेरीस गोवर परत आला. मुंबईत गोवंडी, मग मालेगाव, भिवंडी. मुलं दगावली. राज्याने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या नेतृत्वाखाली कृती दल नेमलं आणि उद्रेकाच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायचं ठरलं. या साथीचं खापर मी २०१८ च्या पत्रांवर फोडत नाही. दगावलेल्यांत कितीतरी बाळं तेव्हा जन्मलीही नव्हती आणि कोविडच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण मागे पडलं होतं. पण आशाताई दारात आल्यावर ‘आमचं सगळं झालंय’ म्हणून कडी लावणारी घरं एका दिवसात तयार होत नाहीत. चार वर्षांपूर्वी याच घरांतून कुणी एक शब्द न समजावता सही मागून नेलेली असते. ज्या घराला ‘हो’ म्हणायला शिकवायचं त्याला आधी ‘नाही’ म्हणायची मोकळीक द्यावी लागते, आणि ‘नाही’ म्हटल्यावर परत जाऊन शांतपणे बोलावं लागतं. आशाताई हेच करतात, तुटपुंज्या मोबदल्यात. शाळेला पगारी माणसं असून ते जमत नाही.

पद्मशाली कुटुंबं ज्या तेलंगणातून भिवंडीत आली, तिथली एक गोष्ट या बाबतीत देशातली सगळ्यात वाईट आहे. खम्मम जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता. २००९ मध्ये तिथे आणि गुजरातच्या वडोदऱ्यात १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस टोचली गेली. प्रकल्प ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेचा, सोबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद. सात मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं गेलं. मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही असं चौकशी समितीने म्हटलं. पण संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात संमतीपत्रांचा हिशेब मांडला तो अंगावर येतो. आंध्रातल्या ९,५४३ पत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. मुली बऱ्याचशा आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. आईबाप गावी. वॉर्डनने सही केली आणि प्रश्न मिटला.

तीच लस चांगली आहे, हजारो बायकांचे प्राण वाचवेल अशी आहे. पण त्या सह्यांमुळे तिचं नाव इतकं खराब झालं की पुढची कितीतरी वर्षं ती सरकारी कार्यक्रमात यायला वाट बघत राहिली. खोट्या संमतीची किंमत अशी मोजावी लागते. वॉर्डन आईबाप नाही. मुख्याध्यापकही नाही. ठाणे-पालघरच्या आश्रमशाळांमध्ये हे रोजचं आहे. आईबाप वीटभट्टीवर, सहा-सहा महिने गाव सोडून, आणि त्यातल्या कितीतरी भट्ट्या भिवंडी तालुक्यातच आहेत. मूल जव्हारला, बाप भिवंडीच्या भट्टीवर, मध्ये एक फोन. तो कुणीतरी करायला हवा.

आता नकारामागचं एक कारण सांगतो, जे पत्रात कधी लिहिलेलं नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच. वर्षातून एकदा पथक शाळेत येतं. दोन डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता. जन्मतःचे दोष, आजार, कुपोषण, वाढीतली मंदता अशा तीसेक गोष्टी ते बघतात. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्याने ‘जागरूक पालक, सुदृढ बालक’ मोहीमही काढली. पथकाच्या कामाबद्दल मला आदर आहे. कुणाचं हृदय नीट वाजत नाही हे शाळेच्या बाकावर कळतं, आणि शस्त्रक्रिया मोफत होते. अडतं ते पुढे. चिठ्ठी मिळते: मुलाला ठाण्याला न्या, मुंबईला न्या. बाप मागावर मीटरच्या हिशेबाने मजुरी घेतो. एक दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी गेली, आणि मोठ्या रुग्णालयात एका दिवसात काही होत नाही. तो म्हणतो, ‘नको, बरा आहे तो.’ शाळा नोंद करते, ‘पालकांचा नकार’. हा नकार शस्त्रक्रियेला नाही, खाडा करायला आहे. बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं कुणी दिलं असतं तर त्याच बापाने पन्नास ठिकाणी सह्या केल्या असत्या. नकाराच्या रकान्यात कारण लिहायला जागा ठेवा आणि ती भरून घ्या. मग पालिकेला कळेल की औषध नेमकं कशावर हवं आहे.

आणि शाळेने मनावर घेतलं की जमतं, हेही आपण पाहिलं आहे. विद्यार्थ्यांच्या ‘अपार’ ओळख क्रमांकासाठी पालकांची संमतीपत्रं गोळा करायची होती तेव्हा काय धावपळ झाली! आधार कार्डावरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही म्हणून शिक्षक घरी गेले, पालकांना चार-चार वेळा बोलावलं, फोनवर फोन केले. वर रोज आकडा द्यायचा होता. क्रमांकासाठी जो शिक्षक चार वेळा फोन करतो त्याला मुलाच्या डोळ्यांसाठी, कानांसाठी, लशीसाठी एकदा फोन करायला सांगितलं तर तो नक्की करेल. त्याला तसं कुणी सांगितलेलंच नाही.

इथवर मी आईबापांच्या बाजूने बोललो. शरीरात काही घालायचं असेल, लस, औषध, भूल, तर त्यांना विचारल्याशिवाय घालू नये. कायद्यातही बारा वर्षांखालच्या मुलाची संमती ही संमती धरत नाहीत. जुन्या दंड संहितेत तसं होतं, आता भारतीय न्याय संहितेतही आहे. बारा ते अठरा हा मधला पट्टा धूसर आहे आणि डॉक्टर अठरापर्यंत पालकांचीच सही मागतात. मागू देत.

पण मुलाला बोलायचं असेल तर?

इथे मी बाजू बदलतो, आणि सगळा जोर लावून बदलतो. शाळेत समुपदेशकाकडे जाऊन बसायला, आपलं दुखणं सांगायला, मुलाला आईबापांच्या सहीची गरज असता कामा नये. अनेक खासगी शाळा प्रवेशाच्या वेळीच ही सही घेऊन ठेवतात आणि काही शाळा दर भेटीआधी घरी कळवतात. पालिकेच्या शाळांत समुपदेशक सहसा नसतोच. तिथे एकच पद्धत आहे. मूल काही बोललं की ‘उद्या पालकांना घेऊन ये.’

नववीतल्या मुलीचं लग्न ठरवलंय आणि तिला शिकायचंय. तिने कुणाची सही आणायची? ज्याने लग्न ठरवलं त्याची? सातवीतला मुलगा वर्गात झोपतो कारण रात्री त्याला मागावर उभं करतात. त्याच्या पत्रावर सही करणारा हात त्याला मागावर उभा करणाराच असतो. बाप पिऊन आईला मारतो हे सांगायला बापाची परवानगी कोण मागेल? आणि घरातल्याच कुणाचा हात नको तिथे लागत असेल तर? ही उदाहरणं शोधून काढलेली नाहीत. कामतघरातल्या कुठल्याही जुन्या शिक्षिकेला विचारा, ती नावं न घेता अशी चार-पाच सांगेल. शेवटी म्हणेल, ‘मुलं म्हणतात, बाई, घरी नका सांगू.’ हे वाक्य ऐकल्यावर काय करायचं हे तिला कुणी शिकवलेलं नाही. ती घाबरून घरी सांगते. दुसऱ्या दिवशी मूल मार खाऊन येतं आणि पुन्हा कुणाशी बोलत नाही.

कायदा मात्र हे ओळखून आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा घ्या. कलम २७ म्हणतं, मुलाची वैद्यकीय तपासणी आईबापांसमोर करा किंवा मुलाचा ज्या माणसावर विश्वास आहे त्याच्यासमोर करा. कलम १९ म्हणतं, असा गुन्हा कळला की पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवा. बापाला विचारून कळवा असं म्हणत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बदलापूरला, शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला आणि अख्खं शहर रेल्वेच्या रुळांवर उतरलं. मग मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत असायला हव्या होत्या त्या सखी सावित्री समित्या आहेत का, याची चौकशी सुरू झाली. त्या समित्यांचा शासन निर्णय १० मार्च २०२२ चाच होता. बदलापुरात मुलींनी घरी सांगितलं आणि आईबाप उभे राहिले. जिथे घरी सांगता येत नाही तिथे शाळेचं दार उघडं हवं. जिथे शाळेत सांगता येत नाही तिथे घराचं. मुलाला दोन दारं हवीत आणि एका दाराची किल्ली दुसऱ्याच्या हातात नको.

सरकारी व्यवस्थेतही हे आधीच मान्य झालेलं आहे. मुंबईत १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून चाइल्डलाइन सुरू झाली. १०९८ ला फोन करणाऱ्या मुलाला ‘आईबापांची परवानगी आहे का’ असं कुणी विचारत नाही. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली ‘मैत्री’ क्लिनिकं दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत चालतात. त्यांचा पायाच गुप्ततेवर आहे. फोनवर परक्या माणसाशी बोलायला जी सही लागत नाही ती शाळेतल्या ओळखीच्या ताईशी बोलायला का लागावी?

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभर लागू होणारी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांचं खंडपीठ. दाद मागायला आलेला माणूस बाप होता. त्याची सतरा वर्षांची मुलगी विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करत होती, ती गेली. न्यायालयाने सांगितलं, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. निकालात २०२२ चा आकडा आहे. त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांच्या त्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. आणि शंभर विद्यार्थी म्हणजे कामतघरात दोन वर्ग. तर मग समुपदेशक कुठे आहेत? गोव्यात शैक्षणिक विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक मिळतात. भिवंडीला का मिळू नयेत?

पालकांची भीती मला कळते. ‘बंद खोलीत आमच्या पोराच्या डोक्यात काय भरतील?’ ही भीती खोटी नाही. शाळेत येणारा प्रत्येक जण चांगलाच असतो असं नाही, बदलापूरने तेच दाखवलं. म्हणून आईबापांना हक्क द्या, पण तो योग्य ठिकाणी द्या. वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत समुपदेशकाला उभं करा. ती कोण, शिकली काय, कोणत्या दिवशी येते, खोली कोणती, खोलीला काच आहे का, हे सगळं त्यांच्या भाषेत सांगा. त्यांना प्रश्न विचारू द्या. सभा ठेवा ती कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, नाहीतर तिथे फक्त रिकाम्या खुर्च्या येतील. मुलाच्या जिवाला धोका असेल तर समुपदेशक गप्प राहणार नाही हेही सांगा. औषध सुरू करायचं असेल, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं असेल, तर आईबापांना विचारल्याशिवाय काही होणार नाही याची लेखी हमी द्या. रुग्णालयात दाखल करण्यासाठी तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अल्पवयीनाच्या पालकालाच पुढे ठेवलं आहे. एवढं झाल्यावर आज तिसऱ्या तासाला कोणतं मूल आत गेलं आणि काय बोललं, हे घरी कळवायचं कारण उरत नाही.

इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर एक आई सर्वोच्च पायरीपर्यंत गेली होती. व्हिक्टोरिया गिलिक. सोळा वर्षांखालच्या आपल्या मुलींना डॉक्टरांनी आपल्याला न विचारता गर्भनिरोधाचा सल्ला देऊ नये, असं तिचं म्हणणं. १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तिच्याविरुद्ध निकाल दिला: समोरचं मूल प्रश्न आणि त्याचे परिणाम पुरते समजू शकत असेल तर त्याची संमती पुरते. आपल्याकडे लगेच तसं करा असं मी म्हणत नाही. औषधाच्या बाबतीत तर नाहीच. पण ‘मुलाला समजतं का’ हा प्रश्न तिथे चाळीस वर्षं विचारला जातोय. आपण अजून फक्त ‘बापाने सही केली का’ एवढंच विचारतो. पंधरा वर्षांच्या मुलीच्या दंडात सुई टोचायच्या आधी बापाची सही तपासतो आणि तिला एका शब्दाने सांगत नाही की हे कशासाठी आहे. पत्रावर तिच्यासाठीही एक ओळ हवी: ‘मला समजावून सांगितलं आहे.’ खाली तिचं नाव, तिच्या अक्षरात.

महापालिकेच्या शिक्षण विभागाला आणि आरोग्य विभागाला माझं सांगणं आहे. दोन्ही एकाच आयुक्तांच्या हाताखाली आहेत, त्यामुळे कुणाकडे बोट दाखवायला जागा नाही. पत्र शाळांच्या पाचही भाषांत छापा, एका पानाचं. काय देणार, का देणार, काय त्रास होऊ शकतो, झाला तर कोणत्या नंबरवर कोणत्या डॉक्टरला फोन करायचा, एवढं लिहा. ते किमान आठवडाभर आधी घरी जाऊ द्या. परत आलं नाही तर फोन करा. नकार आला तर कारण विचारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. मुख्याध्यापकांनी पालकांच्या जागी सही करू नये, असा लेखी आदेश काढा. आणि समुपदेशक नेमा. सगळ्या शाळांना एकेक जमत नसेल तर चार शाळांत मिळून एक, पण ठरलेल्या दिवशी ठरलेल्या खोलीत बसणारा.

खासगी शाळांच्या संस्थाचालकांनाही एक सांगतो. प्रवेशाच्या अर्जात समुपदेशकाकडे जाण्यासाठी पालकांच्या संमतीची अट घातली असेल, तर जूनमध्ये नवे अर्ज छापायच्या आधी ती काढून टाका.